वखारीतली त्याची जागा

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा बेळगावात एका विमा कंपनीच्या कचेरीत होतो. कारखान्यात कामगार जायबंदी झाला की कायद्याने मालकाला भरपाई द्यावी लागे, आणि मालकाच्या वतीने ती आमची कंपनी देई. माणूस बरा होऊन कामाला लागेपर्यंत अर्धा पगार. त्यात खोटं दुखणं कुणाचं, हे शोधणं माझ्याकडे होतं. त्यासाठी मला वेगळं काही शिकावं लागलं नाही, स्वभावच तसा. गवळ्याचं दूध मी बोटावर घेऊन पाही, शिंप्याकडे उरलेल्या कापडाचा तुकडा मागे. "तुम्ही देवाकडूनसुद्धा प्रसादाची पावती घ्याल," असं बायको म्हणायची. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नसे.

निपाणी भागातल्या मालकांना मी एक गोष्ट पटवली होती. प्रत्येकाने दरमहा पगारपत्रकाची नक्कल आमच्याकडे पाठवायची. एका ठिकाणी जखमी म्हणून घरी बसलेला माणूस दुसरीकडे पगार उचलत असेल, तर दोन नकला शेजारी ठेवल्या की सापडेल. मालक खुशीने तयार झाले. लबाडी पकडली तर त्यांचा विम्याचा हप्ता वाढणार नव्हता.

आणि एक सापडला. कापसाच्या जिनिंग कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात हात अडकलेला एक कामगार अर्धा पगार घेत घरी होता. त्याचंच नाव, बापाचं नाव, गाव, सगळं निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीच्या पत्रकात होतं. पुरा महिना हजर! मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. डॉक्टरचा दाखला पुन्हा काढून पाहिला, तर आता डॉक्टरचाही संशय येऊ लागला.

आगाऊ कळवलं असतं तर पाखरू उडून गेलं असतं. म्हणून नेमका पगाराच्या दिवशी सर्व्हिस मोटारीने निघालो. संकेश्वरला मोटार थांबली तरी चहाला उतरलो नाही. शेजारचा माणूस निपाणीचाच होता आणि नको तितक्या चौकशा करत होता.

वखारीच्या दारातच तंबाखूच्या खकाण्याने नाक चुरचुरू लागलं. मुकादम फळीमागे पगार वाटायला बसला होता. मालकांची ओळख सांगून मी नक्कल मांडीवर घेतली आणि त्याच्यामागे बसलो. त्याने पान पुढे केलं, ते मी घेतलं नाही.

एकेक नाव पुकारलं जाई, माणूस येई, अंगठा उठवी आणि पैसे घेऊन जाई. मग ते नाव आलं. मी उठून उभा राहिलो. रांगेतून एक बाई पुढे आली, तिने हात पसरला आणि मुकादमाने पैसे तिच्या हातावर ठेवले.

"ही कोण?"

"त्याचीच बायकू, रावसाहेब. जागा राखतीया त्याची."

वखारीत जागा घराची मानत. माणूस आजारी पडला की घरातलं कुणीतरी त्याच्या जागी उभं राही, पण नाव त्याचंच पुकारत. नाहीतर जागा दुसऱ्याच्या घरात गेली म्हणून समजा. हे मुकादमाने सांगितलं आणि रांगेतल्यांनी माना डोलावल्या. माझा विश्वास बसला नाही. नवरा पोती उचलायला आणि बायको पैसे न्यायला, असंही असू शकत होतं.

"नवऱ्याचं नाव सांगा, बाई."

तिने मान खाली घातली. "आत्ता पुकारलं की त्यांनी," ती म्हणाली. रांगेत हसू उमटलं.

मी आवाज चढवला. या नावावर इथे पगार निघतोय तोवर जिनाकडचा अर्धा पगार बंद राहील, असं बजावलं. तिचा चेहरा उतरला.

"घरी चला, अण्णा. हात बघा त्यांचा. भाकरी बी मोडाय येत न्हाय. त्यो पगार गेला तर औषिदाला कुटनं आनू?"

घरी मी जाणारच होतो. त्याआधी मुकादमापुढच्या पत्रकातला आकडा नकलेशी ताडून पाहावा म्हणून मी तो मोठ्याने वाचला. तिने मूठ उघडून पैसे पाहिले.

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचला. तिच्या हातात त्याच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त होते.

"बाईला बाप्याचा रोजगार कोन देतंय, रावसाहेब?" मुकादम म्हणाला. "तशी रीत न्हाय."

"मग पत्रकात कुणाचा लिहिलाय?"

"नाव बाप्याचं हाय, मग रोजगार बी बाप्याचाच लिवायचा न्हवं?"

"आणि मधले पैसे?"

तो पानाची चंची चाचपू लागला. माझं डोकं फिरलं. मी बेळगावाहून चोर धरायला आलो होतो आणि खऱ्या चोराच्या पाठीमागेच मांडी घालून बसलो होतो. मालकाचा त्यात वाटा किती, हेही आता सांगता येत नव्हतं.

बाईने पैसे फळीवर परत ठेवले. "मग माजं नाव घाला तितं," ती म्हणाली. "आनि रोजगार त्यांचाच द्या. काम त्येच करतोय मी."

"पुढं सरक गं," मुकादम म्हणाला. ती हलली नाही. मागून कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "अण्णा, माजा बी आकडा वाचा की." मुकादमाने घाईने फळीवरचे पैसे उचलून पहिल्या बाईच्या ओटीत टाकले आणि पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी मी तो हात पाहिला. बोटं वळत नव्हती. मी दाबूनही पाहिली, माणूस कळवळला.

अहवालात मी लिहिलं की अर्धा पगार चालू ठेवावा, वखारीच्या पत्रकात काम करणाऱ्या बाईचं नाव घालावं आणि पत्रकात लिहिलेली मजुरी तिला पुरी मिळावी. वरच्या साहेबांनी शेवटचं वाक्य खोडलं. मजुरी किती द्यावी हे आपलं काम नव्हे, म्हणाले.

पुढच्या महिन्याची नक्कल आली. नवऱ्याचं नाव गेलं होतं, त्यामुळे त्याची भरपाई चालू राहिली. त्या जागी तिचं नाव होतं, आणि नावापुढे बाईचा दर.

"काही संशयास्पद?" साहेबांनी विचारलं.

मी कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहिला. सगळं जुळत होतं.