सपाट फरशीवरचा पूल

तीस वर्षं दारं-खिडक्या बसवणाऱ्या सुताराने आयुष्यातला पहिला पूल बांधला, तो स्वतःच्या घरात, एका चटईवर.

त्याच्या आईला विसरण्याचा आजार जडला होता. दोनदा ती एकटीच बाहेर पडून भलत्या रस्त्याला लागली. अशा माणसांना जमिनीवरचं काळं म्हणजे खड्डा वाटतो, असं डॉक्टरांकडून ऐकून त्याने दारात काळी चटई अंथरली. आई तिथवर आली आणि थबकली. "इथे विहीर कुणी खणली रे?"

ती थांबली हे खरं, पण मग ती दुसऱ्या कुणालाही जाऊ देईना. सून कामावर निघाली की तिचा हात धरून ओढायची. शेवटी सून खिडकीतून ये-जा करू लागली.

"दारं बसवणाऱ्याची बायको मी," ती नवऱ्यावर करवादली, "आणि चोरासारखी खिडकीतून उतरते!"

म्हणून त्याने चटईवर फळ्या टाकल्या, दोन्ही बाजूंना कठडा ठोकला. आई खुर्ची घेऊन पुलाशेजारी बसली ती बसलीच.

त्याच आठवड्यात अशा आजाऱ्यांची घरं पाहणाऱ्या सरकारी तपासनीस बाई आल्या. घर सुरक्षित नाही असं त्यांनी लिहिलं असतं, तर आईची रवानगी वृद्धाश्रमात झाली असती.

"एका वेळी एकच," आईने त्यांना दारातच अडवलं. "कठडा धरा."

बाईंनी धरला. आतलं सगळं त्यांना पटलं: आईला चटकन ओळखता यावं म्हणून लालभडक रंगवलेलं संडासाचं दार, वस्तू दिसाव्यात म्हणून झडपा काढलेली कपाटं. मग त्या पुलाकडे वळल्या.

"हा पूल कशावर आहे?"

चटई म्हणावं तर आई बिथरणार, विहीर म्हणावं तर बाई लिहून घेणार.

"काळ्यावर," सुतार म्हणाला.

"आणि आजी यावरूनच बाहेर गेल्या तर?"

हे सुताराच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी कशाला जाऊ?" आई फटकन म्हणाली. "मी गेले तर इथे बघणार कोण? ही सून आमची, चालताना लक्ष कुठे असतं हिचं!"

बाईंनी टेप काढून कठडा मोजला.

"दोन इंच कमी आहे. वाढवा, मग आजींना इथेच ठेवायला हरकत नाही."

"अहो, पण खाली फरशी आहे," सुतार पुटपुटला.

"पूल आहे ना? मग कठडा नियमात हवा."

"मी कधीची सांगतेय," आई म्हणाली.

सुतार फळी शोधायला गेला. बाई निघाल्या, तेव्हा त्यांनी न सांगता कठडा धरला.