हापशाभोवतीची घरं

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बदनापुरात वडील शिक्षक होते आणि समतेची पत्रकं लिहायचे. आम्ही दोघी बहिणी त्यांच्या घड्या घालायचो. नऊ वर्षांची असताना मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं: ठिकरीच्या डावातली मोठ्या मुलींची दादागिरी बंद करा. वडिलांनी त्यातल्या वेलांट्या तेवढ्या सुधारल्या. ताईनं मला आठवडाभर खेळायला घेतलं नाही.

आता मी जर्मनीत चित्रकार आहे. गेल्या वर्षी तिथल्या एका कलादालनानं मला चित्रासाठी आपली अख्खी फरशी दिली. मी ठरवलं, आमच्या गल्लीतला डाव आखायचा. लोकांनी खापराची ठिकरी टाकायची आणि लंगडी घालत घरं जिंकायची. खडूनं आठ घरं सरळ रांगेत आखली आणि फोटो मंठ्याला ताईकडे पाठवला. लगेच तिचा व्हिडिओ कॉल.

“हे काय करून राह्यली? हापसा कुठंय?”

मी म्हटलं, इथं हापसा कशाला असेल.

“मंग घरं सरळ कशी? आपण सरळ कवा खेळलो, बाई?”

खरंच की. हापसा गल्लीच्या मधोमध होता. आमची घरं त्याला वळसा घालून जायची, आणि पाण्याला आलेल्या बायकांच्या घागरी चुकवत उडी मारावी लागायची. दालनाच्या मधोमध एक जाडजूड खांब होता, त्याला मी दोन दिवस शिव्या देत होते. सगळं पुसलं आणि घरं खांबाभोवती वळवली.

उद्घाटनाच्या सकाळी पाहते तर डावाभोवती दोरी, वर ‘शिवू नका’ अशा अर्थाची पाटी. दालनाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, काम जपायला हवं. माझं डोकं फिरलं. पाटीवरचे ते शब्द माझ्या आजीनं जन्मभर ऐकले होते. ओलं फडकं हातात घेऊन मी सांगितलं, “दोरी निघाली नाही, तर आत्ता पुसते.”

बाईंनी स्वतः दोरी सोडली, बूट काढले आणि कसं खेळायचं ते विचारलं.

पाचव्या घरात, खांबाच्या वळणावर, त्यांचा पाय रेघेला लागला. मी बाद दिलं. त्या म्हणाल्या, लागलाच नाही. पहारेकरी त्यांच्या बाजूनं, झाडणाऱ्या बाई माझ्या. देश सोडल्यापासून इतकं मनसोक्त भांडले नव्हते. शेवटी मी त्यांना पाय वर करायला लावला आणि अंगठ्याला लागलेला खडू सगळ्यांना दाखवला.