बारा नंबरचा रॉड

गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, अमडापूरजवळच्या आमच्या शेतातल्या शेडमध्ये जुनं वेल्डिंग मशीन तपासताना माझ्या मोठ्या भावाला शॉक बसला.

मशीन आदल्या दिवशी एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आणलं होतं. चाललं नाही तर दोन दिवसांत परत करायची बोली होती. वेल्डिंग आम्हा दोघांनाही येत नव्हतं. मशीनसोबत आठ नंबरचे, म्हणजे जाड रॉड फुकट मिळाले होते आणि भावाला तेच वापरायचे होते. हार्डवेअरवाल्याने ते पाहून बाजूला ठेवले. त्यांच्यावरचा लेप ओल धरून फुगला होता. शिकणाऱ्याने बारा नंबरचा बारीक रॉड घ्यावा, तो कमी करंटवर पेटतो, असं सांगून त्याने तसले रॉड दिले. "मशीन जुनी, हात नवा. रॉड तरी कोरडा पाह्यजे भाऊ."

प्लगमधली तिसरी, अर्थिंगची वायर कापलेली होती. ती मी सकाळी पाहिली आणि भावाला सांगितलं. विहिरीवरची मोटर इतकी वर्षं तशीच चालून राह्यली, असं तो म्हणाला. मी पुन्हा बोललो नाही.

वहिनी कोरडी काठी घेऊन स्विचपाशी उभी राहिली. विजेचं काम असलं की आमच्याकडे कोणीतरी असं उभं राहतं. भावाने मशीनच्या पत्र्याला उलटा हात लावून पाहिला. काही जाणवलं नाही. त्याच्या पायात रबरी चप्पल होती. मी रॉडकडे कमी आणि त्या चपलेकडे जास्त पाहत होतो.

पहिले दोन रॉड चिकटले. मशीन घुमू लागलं.

"बंद करू का?" वहिनीने विचारलं.

"थांब. आता कुठं जमून राह्यलं."

तिसरा पेटला. अँगलच्या तुकड्यावर बोटभर सरळ रेघ उमटली. भावाने तुकडा पकडीने बादलीत बुडवला, तेव्हा पाणी उसळून खाली सांडलं. पुढच्या रॉडची ठिणगी चपलेत शिरली. त्याने चप्पल झटकून फेकली आणि करंट वाढवायला, ओल्या जमिनीवर तसाच अनवाणी, मशीनच्या लोखंडी चाकाला हात घातला.

हात सुटला नाही. तोंडातून आवाज निघाला नाही. वहिनीने आधी स्विच पाडला, मग काठीने हात उडवला. भाऊ कोसळला. श्वास चालू होता.

दवाखान्यात रात्रभर ठेवून त्याला बुधवारी सकाळी घरी सोडलं. दुपारी वायरमन आला. त्याने प्लग लावून मशीनच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला.