मागे गेलेला चेंडू

डेल्मर वाव्रा आमच्या भागातल्या शाळांच्या बस दुरुस्त करायचा, आणि हंगामात शुक्रवारी संध्याकाळी पांढरी टोपी घालून अमेरिकन फुटबॉलचा मुख्य पंच व्हायचा. दर ऑगस्टमध्ये चर्चच्या तळघरात तो नव्या पंचांना नियम शिकवी. पुढे फेकलेला चेंडू न झेलता जमिनीला टेकला की खेळ तिथेच थांबला. मागे फेकलेला मात्र टेकला तरी जिवंतच. जो उचलेल त्याचा. आणि चेंडू मागे गेला की पुढे, हे बाजूला रेषेवर उभा असतो त्यालाच नीट दिसतं, फेकणाऱ्याच्या पाठीशी असलेल्या मुख्य पंचाला नाही, हे तो पुन्हापुन्हा बजावायचा.

रोशेल टिम तिथेच शिकली. ती शाळेची बस चालवायची, आणि नेब्रास्काच्या आमच्या कोपऱ्यात पंच झालेली पहिलीच बाई. तिचा एखादा निर्णय पटला नाही की लोक ओरडायचे, "बाई, बस चुकली का?" ती ढिम्म हलायची नाही.

बाद फेरीचा सामना होता, आमचं मिल्डेन विरुद्ध ऑर्लिन. मी कडेला, चेंडू किती पुढे सरकला ते मोजायच्या दहा यार्डांच्या साखळीचा दांडा धरून होतो. शेवटची काही मिनिटं, आम्ही थोडेसे पुढे. आमच्या पोराने चेंडू बाजूच्या गड्याकडे फेकला, त्याच्या हातून तो निसटून गवतावर पडला. खेळ थांबला समजून आमची पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ऑर्लिनच्या एका धिप्पाड पोराने चेंडू उचलला आणि धावत जाऊन गुण घेतले. बाजूच्या रेषेवर उभ्या रोशेलने शिट्टी वाजवलीच नव्हती. तिचा हात मागे ताठ होता. चेंडू मागे गेला, अशी ती खूण.

सगळं गाव उभं राहून बोंबलू लागलं. मुख्य पंच डेल्मरच होता, तो तिच्यापाशी आला. ती म्हणाली, मागेच गेला, अगदी माझ्यासमोर. त्याने एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं. मग दोन्ही हात आडवे फिरवून जाहीर केलं की चेंडू पुढे फेकला होता, गुण रद्द. आम्ही जिंकलो.

पुढच्या आठवड्यात शाळेने काढलेलं चित्रीकरण त्याने पाहिलं. चेंडू चांगला दोन पावलं मागे गेला होता. गावात मात्र चर्चा अशी, की बाईने घोळ घातला आणि डेल्मरने सावरला. लोक त्याची पाठ थोपटायचे, म्हणून तो कॉफी प्यायला जायचाच बंद झाला. पुढच्या हंगामाच्या नेमणुका झाल्या, त्यात रोशेलला एकही सामना नव्हता. तरी तो गप्पच राहिला.

उन्हाळ्यात ती बस घेऊन दुरुस्तीला आली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"मला काहीच दिसलं नव्हतं, रोशेल. नुसता आरडाओरडा ऐकू येत होता."

"हे मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं."

त्या ऑगस्टमध्ये तळघरात त्याने सगळ्यांना ते चित्रीकरण दाखवलं आणि चूक कुणाची ते सांगितलं. मग ऑर्लिनला गाडी घेऊन गेला. तिथल्या प्रशिक्षकाने दारातच ऐकून घेतलं. ती पोरं शाळा संपवून गेली, आता त्यांना गाठून काय सांगू, एवढंच तो म्हणाला. मिल्डेनमधल्या काहींनी डेल्मरशी बोलणं टाकलं. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. ऑर्लिनचं दार मात्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

रोशेलला पुन्हा सामने मिळू लागले. डेल्मर तिला म्हणाला, पांढरी टोपी तू घे, मी तुझ्या हाताखाली रेषेवर उभा राहतो.

"नको," ती म्हणाली. "रागाने नाही म्हणत, डेल्मर. पण अडचणीच्या वेळी तुम्ही चेंडू मागे गेला म्हणा की पुढे, मला तुमचा भरवसा वाटायचा नाही."

तो बरं म्हणाला. त्या हंगामात त्याने कुठलाच सामना घेतला नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही.