मांजरांचा गुरुवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. औशातल्या बाईंची मांजर मी मारली. मुद्दाम नाही. पण चुकून मारलेली मांजरसुद्धा मेलेलीच असते.

मी जनावरांचा डॉक्टर. जनावर म्हणजे आमच्याकडं म्हैस, बैल, फार तर शेळी. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू ओढणारा माणूस म्हणून औशात मला मान होता. मांजर हा विषय कॉलेजात शेवटच्या आठवड्यात उरकला होता. "छोटं कुत्रं समजा," असं सर म्हणाले, आणि मी पंधरा वर्षं इमानानं समजत राहिलो.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. मांजर पांढरी, एक कान काळा, आणि माझ्यासकट अख्ख्या गावाबद्दल तुच्छता. एका सकाळी बाई म्हणाल्या, "डॉक्टर, हिला पिसवा झाल्यात बघा. खाजवून खाजवून येडी व्हायलीय."

माझ्या गाडीच्या डिकीत म्हशींच्या गोचिडाचं औषध होतं. मनात म्हटलं, पाचशे किलोच्या म्हशीला चालतं, तर या मूठभर जिवाला काय होतंय? बाटलीचं झाकण माप धरलं, अंदाजानं पाणी घातलं आणि चोळलं. मांजरीनं माझ्याकडं असं काही बघितलं, की तसं कुठल्याच म्हशीनं कधी बघितलं नव्हतं. त्यात सगळं निदान होतं. मला वाचता आलं नाही.

दुपारी बाईंचा फोन आला. जाऊन बघतो तर मांजर थरथर कापत होती, तोंडातून लाळ गळत होती. मी तिला दोन इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. बैलाला जे दिलं असतं तेच, थोडं कमी. चारच्या सुमाराला तिनं बाईंच्या मांडीवरच जीव सोडला.

"काय झालं हो हिला?"

तोवर मला अंदाज आला होता. बाटली डिकीत होती, गाडी दारात होती. मी म्हणालो, "काहीतरी खाल्लं असंल. उंदराचं औषध वगैरे."

'वगैरे' मी खोटं जरा पातळ व्हावं म्हणून घातलं. झालं उलटंच. बाईंनी मान वळवून भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं अप्पांचं किराणा दुकान. अप्पा तूरडाळीच्या पोत्यांमागच्या फळीवर उंदराचं औषध ठेवायचे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. वीस वर्षं त्या भिंतीवरून आमटीच्या वाट्या इकडून तिकडं जात होत्या. त्या दिवसापासून बंद.

पुढं हैदराबादला मांजरांच्या उपचारांचं आठ दिवसांचं शिबिर होतं, तिथं गेलो. तिसऱ्या दिवशी पडद्यावर एक थरथरणारी मांजर दाखवली. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे औषध मांजरीच्या शरीराला पचवताच येत नाही, आणि हा पराक्रम बहुतेक वेळा म्हशीवाले डॉक्टर करतात. हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. मग त्यांनी सांगितलं, पहिला उपाय म्हणजे कोमट पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं अंग धुऊन काढायचं. बाईंच्या मोरीत, माझ्यापासून हातभर अंतरावर, भांड्यांचा साबण ठेवलेला होता.

परत आल्यावर लातुरात दवाखाना टाकला आणि गुरुवार फक्त मांजरांचा केला. त्या दिवशी कुत्र्याला दारात उभं करत नाही, मालक कितीही मोठा असो. मांजर मानगुटीला धरून उचलायची नाही, वजन ग्रॅममध्ये करायचं, डोस सुईच्या टोकावर मोजायचा. एका मांजरीला दुसरी दिसू नये म्हणून बसायच्या जागेत मधोमध प्लायवूडचा आडोसा घातलाय. लोक मांजर कशात आणतील याचा नेम नाही. कंधारच्या एका पाटलांनी त्यांचा बोका खताच्या गोणीत आणला, लघवी तुंबलेला. नळी घालून धार सुटली तेव्हा पाटील आणि मी दोघंही पोरगं दहावी पास झाल्यासारखे हरखलो. बोक्यानं दोघांनाही बोचकारलं. लोक म्हणतात, डॉक्टरला मांजरांचं लई प्रेम. मी पुढची मांजर टेबलावर घेतो.

बाईंनी पुन्हा मांजर पाळली. दर महिन्याला औशाहून एसटीनं येतात, वायरच्या पिशवीत मांजर, वर ओढणी. आडोशाच्या डावीकडं बसून शेजारणीला सांगतात, "माझी पहिली गेली तवा ह्या डॉक्टरनी लई धडपड केली हो. पण कुणाच्या मनात काय, कुणी सांगावं."

गेल्या गुरुवारी बाई नेहमीसारख्या डावीकडं बसल्या होत्या, आणि आडोशाच्या उजवीकडं अप्पा येऊन बसले. मांडीवर टोपली, टोपलीत कान फाटलेला बोका.

"अप्पा, तुम्ही अन् मांजर?"

"काय करता डॉक्टर. बाईंची मेली तवापासून उंदराचं औषध दुकानात ठेवतच न्हाई. उंदीर माजले. मग हे ठेवलं. आता निम्मं दूध ह्योच पितो." मग टोपलीवर वाकून हळूच म्हणाले, "मी औषध कायम फळीवर ठेवायचो, कधी खाली सांडलं न्हाई. तरी पण मनातून जात न्हाई बघा. माझ्याच औषधानं मेली असंल का हो?"

आडोसा प्लायवूडचा, त्यातून सगळं ऐकू जातं. पलीकडं बाईंच्या पिशवीची खुडबुड थांबली. बाई ऐकत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं, आणि दोघंही समोर होते. एवढी सोय देवानं कुणाची केली नसेल.

मी बोक्याचा कान हातात घेतला आणि म्हणालो, "आता काय सांगता येतंय, अप्पा."

कानाला दोन टाके घातले, अगदी सुबक. बाई आधी गेल्या, अप्पांकडं न बघता. अप्पा मागून गेले. दोघं औशाच्या एकाच एसटीत, वेगवेगळ्या टोकाला बसले असणार.

त्या दोघांचं एक वाक्य माझ्याकडं राहिलंय: मांजर माझ्या औषधानं मेली, अप्पांच्या नाही. ते मी अजून दिलेलं नाही.