काकांच्या खांद्याची फिर्याद

मी आज जो काही आहे तो माझ्या धाकट्या काकांमुळे. वर्ध्याकडच्या आमच्या गावातून बारावी झाल्यावर त्यांनी मला भोपाळला आणलं, बरखेड्यातल्या त्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ठेवलं आणि घरातला पहिला पदवीधर केलं. त्यामुळे कोविडची लस घेतल्यावर त्यांचा डावा खांदा आखडला आणि सुटेना, तेव्हा भरपाईची धावपळ मी आनंदाने अंगावर घेतली. फिजिओथेरपी परवडेना म्हणून त्यांनी ती बंद केली होती. शर्ट काकू चढवायची. "चला नवरदेव, बाही," म्हणायची.

सुई जरा वर टोचली गेली असावी, नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टरांचं मत. महाराणा प्रताप नगरातल्या वकीलबाईंनी तेवढ्यावर केस घ्यायचं कबूल केलं आणि काकांना घडलेलं स्वतःच्या शब्दांत लिहून आणायला सांगितलं.

काका कारखान्यातले फिटर. तिथे कुणाला लागलं की रिपोर्टच्या शेवटी 'माझ्याच दुर्लक्षामुळे' असं लिहायची रीत होती. फोरमनवर बालंट येत नाही, शिफ्टचं सुरक्षेचं बक्षीसही जात नाही. काकांनी इथेही तेच लिहिलं: सिस्टरने हात सैल सोडायला सांगितलं, मी ताठ धरला, सबब चूक माझी. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

कागद वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला. "अंकल, केस किसके ऊपर करनी है? आपके ऊपर?"

काका मनापासून हसले. परतताना स्कूटरवर मी समजावत राहिलो की भरपाई सरकारकडे मागायची आहे, सिस्टरकडे नाही. मागून ते एवढंच म्हणाले, "पोरगी नवीन होती रे. तिचाच हात थरथरत होता."

तो कागद बदलल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता. तोंडी सांगितलेलं काका हसण्यावारी नेतात, लेखी आलेलं मात्र ड्यूटी समजून वाचतात. म्हणून त्याच शहरातल्या माझ्या घरून मी त्यांना पोस्टाने पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप काका, नमस्कार.

नवा कागद सोबत आहे. सिस्टरविरुद्ध त्यात एक अक्षर नाही. तुम्ही हात ताठ धरला होता, तेही राहू दिलं आहे. फक्त 'चूक माझी' काढलं. चूक कुणाची, की कुणाचीच नाही, हे ठरवायला साहेब लोक बसलेत. थोडं काम त्यांनाही करू द्या.

माझ्या ॲडमिशनसाठी तुम्ही कुणाकुणाच्या दारात उभे राहिलात, ते मला माहीत आहे. एकदा स्वतःसाठीही मागा. खाली सही करा. उजवा हात तर चांगला आहे.

तुमचा पुतण्या"