ढोलाच्या पायावर तळहात

हिंगोलीच्या बसस्थानकात सकाळी सातला साखऱ्याची गाडी लागली. ती मी गर्दीच्या धावपळीवरून ओळखली. भोंग्यातून काय सांगितलं ते कळलं नाही. माझा डावा कान नऊ वर्षांपूर्वी गेला. उजव्यात यंत्र आहे, आणि त्याच कानात रात्रंदिवस एक बारीक सूर चालू असतो, कुकरची शिटी होण्याआधी वाफ धरते तसा. तो जाणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. निघताना मुलगी म्हणाली, "एकटी जाऊ नकोस." मी एकटीच निघाले.

कंडक्टरला मात्र काही सांगितलं नाही. तीस वर्षं वर्तमानपत्रासाठी अनोळखी माणसांना प्रश्न विचारले, पण 'मला कमी ऐकू येतं' हे वाक्य जिभेवर येत नाही. त्याचा हिशेब लगेच चुकता झाला. सेनगावच्या पुढे कंडक्टरने मागून कधीतरी साखऱ्याची हाक दिली असावी. मी पुढच्या फाट्यावर उतरले आणि दोन किलोमीटर उलट चालत आले.

एप्रिलचं ऊन. दोन्ही बाजूंना रिकामी शेतं, बांधांवर पऱ्हाटीचे (वाळलेल्या कपाशीचे) ढीग. गाव आल्याचं नाकाने कळलं: उकडून वाळवलेल्या हळदीचा मातकट, उग्र वास. अंगणं, ओटे, ताडपत्र्या, सगळं पिवळं होतं.

मला माणिकला भेटायचं होतं. तो पन्नाशीचा ढोलवाला. ढोल म्हणजे जाळीचं मोठं लोखंडी पिंप. ट्रॅक्टरच्या जोरावर ते फिरतं आणि आतल्या हळकुंडांची साल घासून निघते. त्या आवाजाजवळ बावीस हंगाम काढून माणिकचे दोन्ही कान बरेचसे गेले. हिंगोलीत कानाच्या दवाखान्यातल्या बाकावर आमची ओळख झाली. "माझं काम पाह्यला या," तो म्हणाला होता.

गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत ढोल उभा होता. त्याच्या सांगाड्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: समोर येऊन बोला.

"उशीर काहून (का) झाला?" माणिकने विचारलं.

मी फाट्याचं सांगितलं. तो हसला. "म्हंजे कंडक्टरला बोललाच न्हाई तुमी. लाज वाटली, व्हय?"

मी चपलांतली धूळ झटकली.

त्या दिवशीचा माल देवरावांचा होता. देवराव गावातले मोठे शेतकरी, सत्तरीचे, पांढरं धोतर. ढोलाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. इथली रीत अशी की मालक आवाज ऐकतो. साल सुटली की ढोलाचा जड घरघराट मोकळा होतो. मालक हात वर करतो, ढोल थांबतो. लवकर थांबवला तर साल राहते, उशिरा थांबवला तर हळकुंडं झिजतात, तुटतात. देवरावांनी सकाळीच बजावलं होतं: पहिल्याच ढोलाचा माल बिघडला तर उद्या दुसरा ढोलवाला येईल. गाव त्यांच्या मागे जातं. माणिकचा साखऱ्यातला हंगाम त्या एका ढोलावर होता.

"आता बहिऱ्याच्या हाती सोनं द्यायचं म्हंजे..." देवराव मला म्हणाले. माणिक पाठमोरा होता.

सुरू करण्याआधी माणिकने हाताखालच्या तीन मजुरांच्या कानांवर आवाज अडवणारे कानबंद चढवले. एक मलाही दिला, एक स्वतः घातला.

"तुला कशाला रे?" देवरावांनी समोर येऊन खिजवलं. "वाळल्या विहिरीला झाकन?"

"उरलेलं राखायला, मालक. घेता का एक?"

देवरावांनी हात झटकला. आवाज ऐकायचा तर कान मोकळे हवेत.

मी यंत्र काढून डबीत ठेवलं, कानबंद चढवला. ढोल फिरू लागला तो मला तळपायांतून कळला. पिवळी धूळ उठली. माणिकने सांगाड्याच्या पायावर तळहात टेकवला आणि आतली थरथर जोखत तो तसाच उभा राहिला.

बऱ्याच वेळाने देवरावांनी हात वर केला. माणिकने मान हलवली: नाही. देवराव उठले. त्यांचे ओठ वाचणं सोपं होतं, कारण ते ओरडत होते. "बस! माल घासून राहिला फुकट! बंद कर!"

माणिकने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्याशी वाद घालता येत नाही. हात ढोलाच्या पायावरच होता.

देवराव माझ्याकडे वळले. "तुमी तरी सांगा त्याला!"

मी खिशातून डबी काढली आणि तिच्यातलं यंत्र त्यांना दाखवलं. "मला ऐकू येत नाही," मी म्हणाले. ते वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडलं.

आणखी काही मिनिटं गेली. माणिकने डोळे उघडले, हात वर केला. ढोल थांबला. मी यंत्र कानात घातलं. कानातली शिटी जागेवरच होती.

देवरावांनी ओंजळभर हळकुंडं काढली. एक धोतरावर घासलं, एक मोडलं. बोटांच्या सांध्यांसारखी हळकुंडांनाही पेरं असतात, साल तिथेच अडून बसते. त्यांनी नखाने पेरं तपासली. साल नव्हती. तुकडे शोधले, दोनच निघाले.

"दुसरा भर," ते म्हणाले.

माणिक जाळी झाडत होता. त्याच्यापर्यंत ते पोहोचलं नाही. मग देवराव धोतर सावरत, सांडलेली हळद चुकवत, अख्ख्या ढोलाला वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभे राहिले.

"माणिक, दुसरा भर."

"बराबर," माणिक म्हणाला.

दुपारी लिंबाखाली ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. माणिकचा नियम: तोंडात घास असताना बोलायचं नाही, ओठ वाचता येत नाहीत. जेवण संपल्यावर मी त्याच्या कानातल्या आवाजाबद्दल विचारलं.

"रातकिडा हाय. लई तकलीफ दिली त्यानं. झोप न्हाई, भूक न्हाई. मग म्हनलं, ऱ्हा बाबा. पर घर माझं हाय."

संध्याकाळच्या गाडीत मी चढले. कंडक्टर तिकीट फाडत पुढे सरकत होता. मी त्याची बाही धरली.

"मला कमी ऐकू येतं. बोलायचं तर समोर येऊन बोला."

आजूबाजूच्या चार माना वळल्या. वळू दिल्या. कंडक्टर समोर आला, थोडा वाकला आणि स्पष्ट ओठांनी म्हणाला, "कुठं जायचं, मावशी?"

"हिंगोली," मी म्हणाले. गाडी शेवटी तिथेच थांबणार होती. हाक ऐकू आली नसती तरी चुकण्यासारखं काही नव्हतं. तरीही कानाचं सांगितलं.